गाडी हितंच का तापती?

सोपाननाना दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ बांधतात.

"एक घड्याळ खोटं बोलू शकतं," ते म्हणतात. "पर दोन घड्याळांना खोटं बोलायचं म्हनलं तर आदी संगनमत कराया लागतं." दोन्ही घड्याळांत चार मिनिटांचा फरक आहे. कुणी वेळ विचारली की नाना आधी डाव्या मनगटाकडं बघतात, मग उजव्या, आणि मग विचारणाऱ्याच्या तोंडाकडं. "तुला कशापायी पायजे?"

भाटघरला आमच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की त्यांचं घर. नानांची उभी हयात यष्टीच्या वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून गेली. बायको कधीच वारली. आता घरात ते एकटे, आणि जगात कोण कोण आपल्याला फसवायला टपलंय याची त्यांच्या डोक्यातली यादी. यादीत आम्ही सगळेच आहोत. नानांना कुणी नमस्कार केला तर ते लगेच परत करत नाहीत. समोरच्याचं काय काम आहे ते कळेपर्यंत राखून ठेवतात.

एकदा गावात आरोग्य शिबिर भरलं होतं. तरण्या डॉक्टरांनी बीपी मोजायला नानांच्या दंडाला पट्टा बांधायला घेतला. नानांनी हात काढून घेतला. "आदी सोताचं मोजा. ह्याच मशिनीवर." डॉक्टर हसले, पण मागं रांग होती म्हणून मोजून घेतलं. ते बरंच जास्त निघालं. मग नानांनी त्यांना खुर्चीत बसवून मीठ कमी करायला सांगितलं आणि स्वतः न मोजताच घरी आले.

"हितं मेख हाय." हे त्यांचं वाक्य. लग्नपत्रिका आली, मेख हाय. पाऊस वेळेवर आला, मेख हाय. आमच्या सुमननं, म्हणजे माझ्या बायकोनं, दिवाळीला फराळाचं ताट नेऊन दिलं तर ताटाकडं बघून म्हणाले, "आवंदा चकल्या जास्त हायेत. का?"

आता माझ्या मोटरसायकलची गोष्ट.

मी कात्रजला एका छापखान्यात कामाला आहे. रोज सकाळी भाटघरहून कापूरहोळ, तिथून हायवे धरून पुण्याच्या अंगाला. हायवेवर खेड शिवापूरच्या अलीकडं पुलाचं काम निघालं आणि सगळी वाहनं बाजूच्या सर्व्हिस रोडला घातली. तेवढ्या दीड-दोन किलोमीटरला कधी अर्धा तास, कधी पाऊण. चार पावलं पुढं, मग थांब. पुन्हा दोन पावलं. पुढं टेम्पो, मागं ट्रक, आणि मांड्यांच्या मध्ये माझं इंजिन चुलीसारखं धगधगायचं. आधी पोटऱ्या भाजायला लागायच्या. मग न्यूट्रल पडायचा नाही. मग आतून टिकटिक असा आवाज, आणि ऐन गर्दीत गाडी बंद. दहा मिनिटं गप्प उभी केली की पुन्हा चालू. जणू काही झालंच नाही.

भोरमधल्या मेकॅनिकनं ऑईल बदललं, प्लग बदलला. आठवडा बरा गेला, पुन्हा तेच. एका रविवारी मी अंगणात गाडी धूत होतो. नाना रस्त्यापलीकडून बघत होते. बऱ्याच वेळानं आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "तुजी गाडी बंद पडती."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रोज सात वाजता येतोस, आता पावणेआठला यायला लागलास. बाई तरी आसंल न्हाईतर गाडी तरी. बाई तुज्याच्यानं व्हनार न्हाई."

आतून सुमन हसल्याचा आवाज आला.

मी सगळं सांगितलं. नानांनी ते फौजदारानं जबाब घ्यावा तसं ऐकलं.

"कुठं तापती?"

"ट्रॅफिकमध्ये."

"ट्रॅफिकमंदी समद्याच तापतात. ह्या इंजनला गार करतो तो वारा. गाडी थांबली का वारा थांबला. पर बाकीच्यांच्या बंद पडत न्हाईत. तुजीच का पडती?"

"तेच तर कळत नाही."

"तुला कळतंय. तू सांगत न्हाईस." आणि माझ्यावर डोळे रोखून म्हणाले, "हे बग दिनकर, इंजन कदी खोटं बोलत न्हाई. बोलतो त्यो मालक."

मग झडती सुरू झाली. ऑईल बोटावर घेऊन अंगठ्यानं चोळलं, वास घेतला. प्लग काढून उन्हात धरला. तो खडूसारखा पांढरा पडला होता. "बगितलंस? आतनं भाजून निघालाय." मग जमिनीवर उकिडवे बसून त्यांनी इंजिनाच्या पाकळ्यांत, म्हणजे वारा लागावा म्हणून इंजिनाला बाहेरून ज्या पट्ट्या असतात त्यांच्यात, काडी घातली. काडीबरोबर चिखलाची वाळलेली ढेपळं निघाली.

"ह्यो चिखल आपल्याकडला न्हाई. तांबडा हाय. वेल्ह्याकडं कशाला गेलतास?"

"सासुरवाडीला."

"किती डाव?"

"नाना, सासुरवाडी आहे माझी!"

"मी किती डाव ते इचारलं."

शेवटी त्यांनी गाडी स्टँडवर चढवून मागचं चाक फिरवलं. चाक दीड फेरा फिरून थांबलं. नाना पहिल्यांदाच हसले. "ब्रेक धरून बसलाय. मंजी तू गाडी चालवतोस पुढं आन् ब्रेक वडतोय मागं. इंजन बिचारं दोघांच्या मधी मरतंय." दुपारपर्यंत त्यांनी जुन्या टूथब्रशनं एकेक पाकळी घासली, ब्रेक सैल केला, चेन बघितली. गाडी नवी झाली. मी हात जोडले. त्यांनी नमस्कार राखून ठेवला.

"माजा इस्वास न्हाई. उद्या संगं येनार. चालू ट्रॅफिकमंदी बगनार."

सोमवारी सकाळी नाना दारात उभे. पांढरा लेंगा, दोन घड्याळं आणि डोक्यावर पूर्ण तोंड झाकणारं, काळ्या काचेचं हेल्मेट. हे त्यांनी कुठून आणलं ते सांगितलं नाही.

सर्व्हिस रोडला लागलो आणि पाठीमागून हुकूम सुटायला लागले. "क्लचवरची बोटं काड! आर्धा क्लच दाबून चालवतोस व्हय? न्यूट्रल कर!" थोडं पुढं जाऊन, "उजवा पाय! उजवा पाय ब्रेकवर का ठेवतोस? भ्या वाटतंय का?" मी पाय उचलला. खरोखरच मला सवय होती आणि ती मलाच माहीत नव्हती. वाहनं इतकी हळू सरकत होती की मध्येच नाना खाली उतरले आणि इंजिनाकडं कान लावून, वाकून, गाडीच्या बरोबरीनं चालायला लागले. शेजारच्या टेम्पोवाल्यानं विचारलं, "बाबा, काय पडलं का?" नाना म्हणाले, "तुमचं काय पडलंय का, ते बगा."

गाडी अगदी गार चालली होती. मला हलकं वाटत होतं. तेवढ्यात नाना मागं बसले आणि माझ्या खांद्यावर थाप पडली.

"हितं थांब. कडंला घे."

"का?"

"तापली."

डावीकडं एक चार मजली, फिक्या पिवळ्या रंगाची इमारत होती. खाली प्लायवूडचं दुकान. मी दुकानासमोर गाडी लावली, इंजिनाजवळ हात नेला. "नाना, एवढी काय तापली नाही."

"तुला कळतंय का मला?"

दहा मिनिटं आम्ही तिथं उभे राहिलो. नानांनी हेल्मेट काढलं नाही, काचही वर केली नाही. मग "चल" म्हणाले. शिवापूरला उतरून यष्टीनं परत गेले.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. त्याच इमारतीसमोर, त्याच प्लायवूडच्या दुकानापाशी. गर्दी जास्त असो की कमी, इंजिन बरोबर तिथंच तापायचं. दुकानदार मला ओळखायला लागला. मी म्हणायचो, "नाना, गाडी हितंच का तापते?" नाना म्हणायचे, "त्येच तर शोधतोय." असे तीन आठवडे गेले.

सुमन म्हणाली, "नाना तुमच्याकडून काहीतरी करून घेतायत."

"काय करून घेणार? बिचारे स्वतःचा वेळ घालवतायत."

"म्हणूनच. नाना कधी कुणासाठी वेळ घालवतात?"

हे खरं होतं. मलाही संशय यायला लागला. नानांच्या सहवासात कुणालाही येतो, तो सर्दीसारखा लागतो. मध्ये एक दिवस नाना आंबवड्याला देवळात गेले म्हणून मी एकटाच निघालो. त्या दिवशी सर्व्हिस रोड तुंबला होता. पन्नास मिनिटं लागली. गाडी एकदाही तापली नाही. पिवळ्या इमारतीसमोर मी मुद्दाम थांबलो, इंजिनाजवळ हात धरला. कोमट. म्हणजे गाडी कधीच दुरुस्त झाली होती, पहिल्याच रविवारी. आणि इंजिन खोटं बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाना मागं बसले तेव्हा मी डाव्या आरशाचा कोन बदलून ठेवला. "तापली" झालं. मी कडेला घेतली. गाडीकडं बघतोय असं दाखवून मी आरशात बघितलं. नाना इंजिनाकडं बघतच नव्हते. खाली ओढलेली काळी काच तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडं लागली होती. गॅलरीत एक तरुण बाई कपडे वाळत घालत होती.

या वयात! आणि माझ्या गाडीवर बसून! दिवसभर छापखान्यात माझं लक्ष लागलं नाही. एका लग्नपत्रिकेत मी वराच्या जागी वधूच्या मामाचं नाव छापायला निघालो होतो.

संध्याकाळी घरी आल्या आल्या सुमनला सांगितलं. मला वाटलं ती हसेल, नाहीतर तोंडावर पदर घेईल. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

"कपडे दोरीवर टाकायच्या आधी जोरात झटकते का ती? दोनदा?"

मी आठवून बघितलं. "हो. का?"

"उज्वला आहे ती. नानांची पोरगी."

नानांना मुलगी आहे हे मला अंधुक ठाऊक होतं. मी या गावात आलो तेव्हा ती घर सोडून गेलेली होती. सुमन इथं मावशीकडं राहून शिकली, ती आणि उज्वला एका वर्गातल्या. सुमननं मग सगळं सांगितलं.

आई गेली तेव्हा उज्वला पाचवीत होती. नानांनी तिला एकट्यानं वाढवलं. स्वयंपाक केला, तिची वेणीसुद्धा घालून दिली. पुढं ती नर्सिंग शिकायला पुण्याला जाऊ लागली. रोज सकाळच्या यष्टीनं जायची, संध्याकाळी परत. नानांना मेख दिसायला लागली. पोरगी खरंच शिकायला जाते का? त्यांनी रजा टाकली आणि टॉवेलानं तोंड गुंडाळून त्याच यष्टीत मागच्या सीटवर बसून तिच्या मागं गेले. एक दिवस नाही, चार दिवस. पाचव्या दिवशी थेट वर्गात शिरले आणि बाईंना म्हणाले, हजेरी दाखवा. चाळीस मुली बघत होत्या. हजेरीत उज्वलाचा एकही खाडा नव्हता.

"ती घरी आली," सुमन म्हणाली. "बॅग भरली. दारात बापाला एवढंच म्हणाली, अण्णा, तुमी इंजनावर भरवसा ठेवता, माज्यावर न्हाई. आणि होस्टेलला गेली. पुढं तिनं लग्न ठरवलं तेव्हा पत्र पाठवलं होतं, सासरचा पत्ता घालून, या म्हणून. नानांनी ते पत्र भिंगाखाली धरून बघितलं. म्हणाले, ह्ये अक्षर तिचं न्हाई, कुनीतरी मला फसवून बोलवतंय. गेलेच नाहीत."

"आणि अक्षर?"

"तिचंच होतं. मला दाखवायला आणलं होतं ना. मी सांगितलं तर माझ्यावरच संशय."

सात वर्षं झाली याला. सुमननं भाजी पुन्हा हातात घेतली, पण तीच पेंडी पुन्हा पुन्हा निवडत बसली.

दुसऱ्या दिवसापासून खांद्यावर थाप मारायची वेळ मी नानांवर येऊ दिली नाही. पिवळी इमारत आली की मीच गाडी कडेला घ्यायचो. मी इंजिनाकडं बघत उभा राहायचो, ते गॅलरीकडं. गॅलरी रिकामी असली तर आणखी पाच मिनिटं थांबायचो. त्या गर्दीत शेकडो गाड्या खोळंबलेल्या असायच्या, ड्रायव्हर वैतागून हॉर्न वाजवायचे, आणि त्या सगळ्यांत एक म्हातारा असा होता की ट्रॅफिक सुटली की त्याचे खांदे पडायचे.

आणि मग पूल झाला.

पेपरात आलं, व्हॉट्सॲपवर आलं. गुरुवारपासून पूल चालू. बुधवारी रात्री, जेवणाआधी, मी नानांच्या दारात डोकावलो. म्हटलं, "उद्या पूल चालू होतोय म्हणे."

"म्हणे," नाना म्हणाले. "मेख आसंल." पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

गुरुवारी सकाळी ते हेल्मेट घालून तयार होते. हायवेला आलो. पूल खरंच चालू होता. काळा कुळकुळीत रस्ता सरळ वर चढत होता, वाहनं सुसाट जात होती. डाव्या हाताला सर्व्हिस रोड, मोकळा. मी वेग कमी केला.

"वरनं घे," नाना मागून म्हणाले. "आता खालनं कशाला?"

मी खालनं घेतली. महिनाभर जिथं मुंगीच्या पायानं गेलो तिथं आता कुत्रं आडवं झोपलं होतं. दीड मिनिटात पिवळी इमारत आली. मी गाडी थांबवली, स्टँडवर लावली.

"का थांबला?"

"तापली, नाना."

नाना उतरले. वाकले आणि इंजिनावर पालथा हात ठेवला, नुसता जवळ नेला नाही, चक्क टेकवला. पहिल्यांदा वाटलं आता माझी हजेरी घेतात. हात त्यांनी बराच वेळ तिथंच ठेवला.

"व्हय," ते म्हणाले. "तापलीया."

पण त्या दिवशी लपायला गर्दी नव्हती. मोकळ्या रस्त्यावर एक मोटरसायकल, एक मी आणि एक काळ्या हेल्मेटातला माणूस. गॅलरीत उज्वला आली. हातात ओल्या कपड्यांची बादली. तिनं खाली बघितलं, बादली ठेवली आणि कठड्यावर दोन्ही हात टेकले.

"दादा," तिनं मला हाक मारली, "आज तर ट्रॅफिक बी न्हाई. आज का थांबला?"

मी वाकून इंजिनाकडं बघायला लागलो. नाना पुतळा झाले होते.

"तुमच्या मागं बसतात त्यांना सांगा," ती म्हणाली. आवाज हसरा ठेवायचा प्रयत्न करत होती, जमत नव्हता. "टावेल गुंडाळला तरी मला पयल्याच दिवशी वळखू आलं होतं. चार दिवस गप बसले मी, म्हनलं आपनहून बोलतील. आन् आता महिनाभर हे हेल्मेट बगतीया."

नानांनी काच वर केली. हेल्मेटाच्या आत डोळे तेवढे दिसत होते.

"च्या टाकलाय," उज्वला म्हणाली. "वर या म्हनावं. इस्वास नसंल तर आदी मी घोट घेऊन दाखवते."

नाना माझ्याकडं वळले. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. जावं का, असं असावं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी मत घ्यायला निघाले होते. त्यांनी हेल्मेट काढलं आणि माझ्या हातात दिलं. केस घामानं डोक्याला चिकटले होते. लेंग्याला हात पुसले आणि प्लायवूडच्या दुकानाशेजारच्या जिन्यात शिरले. एक मजला चढेपर्यंत त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, मग थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

मी खाली थांबलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. छापखान्यातून फोन आला, तो मी घेतला नाही. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "आज पण गरम झाली का?" मी मान हलवली.

बऱ्याच वेळानं वर हालचाल झाली. गॅलरीत दोघं आले होते. बादलीत एक मोठी चादर तशीच राहिली होती. उज्वलानं तिचं एक टोक धरलं, दुसरं नानांच्या हातात दिलं. नानांनी बाह्या वर सारल्या. मग एक जण या बाजूला पिळत होता, एक त्या बाजूला. दोघंही एकमेकांकडं न बघता, सगळा जोर लावून पिळत होते आणि चादरीतून पाणी खाली गळत होतं.

मी नानांचं हेल्मेट दुकानदाराकडं ठेवलं आणि गाडीला किक मारली.